'एस'चं शेपूट

"आई, या वेळी पालकसभेत तू मराठीतच बोल हं!" दुसरीतल्या लेकानं बजावलं. हसू आलं, पण लागलंही. मागच्या सभेत मी मोठ्या धिटाईनं बाईंना "माय सन ड्रिंक मिल्क" असं सांगितलं होतं. मागे बसलेल्या दोघीजणी खुसुखुसु हसल्या. 'ड्रिंक्स' हवं होतं म्हणे!

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. आपल्यापैकी कितीतरी जणींनी मात्र ए-बी-सी-डी पाचवीत गिरवली. मग चुकायला होतंच.

पण मैत्रिणींनो, खरं तर आपली मराठी यापेक्षा अवघड आहे. मी येते, तू येतेस, तो येतो, ते येतात... दरवेळी क्रियापद बदलतं. इंग्रजीत बहुतेक सगळीकडे नुसतं 'कम' चालतं. फक्त तो, ती किंवा ते, म्हणजे ही, शी, इट आलं, की 'एस'चं शेपूट लावून 'कम्स' करायचं. ('बी' आणि 'हॅव' ही दोन मुलखावेगळी. ती पाठच करावीत.)

आपण हे शेपूट विसरतो, त्याला आपलं वळणही कारण असावं. सासूबाईंना 'येते' म्हणायची आपली काय बिशाद! त्या 'येतात'. इंग्रजीत हे आदराचं अनेकवचन नाही. सासूबाई असोत की धाकटी नणंद, दोघींनाही 'शी कम्स'च. प्रश्न विचारताना किंवा नाही म्हणताना मात्र हे शेपूट उडी मारून 'डू'ला चिकटतं. 'डज शी कम?', 'शी डझंट कम.' तिथे पुन्हा 'कम्स' केलंत तर दोन शेपटं झाली!

दुसरी गडबड रोजच्या आणि आत्ताच्या कामाची. रोज स्वयंपाक करते ते 'आय कुक'. फोन आला तेव्हा पोळ्या लाटतेय, तर 'आय ॲम कुकिंग'. आपल्या 'करते' आणि 'करतेय'सारखंच. फक्त 'आय ॲम नोइंग' म्हणू नका. माहीत असणं हे काही चालू काम नाही, म्हणून 'आय नो'.

आठ दिवस भांडी घासताना हेच घोकत होते. सभेत बाईंसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माय सन ड्रिंक्स मिल्क, बट ही डझंट ईट व्हेजिटेबल्स." बाई चक्क हसून "व्हेरी गुड" म्हणाल्या.

लेक मात्र घरी येईपर्यंत गाल फुगवून होता. "इंग्लिश बरोबर होतं गं, पण भाजीचं कशाला सांगितलंस?"