पेनात डोस चार, पण बाई एकच

आज आपण वजन कमी करण्याच्या इंजेक्शनाविषयी बोलणार आहोत. हल्ली गटाच्या बैठकीत हा विषय निघतोच. कुणाच्या नणंदेला शहरातल्या डॉक्टरांनी ते सुरू केलेलं असतं, तर कुणी मोबाईलवर पाहिलेलं असतं. आणि मग एक हिशोब ऐकू येतो, "ताई, एका पेनात चार डोस असतात म्हणे. एकटीला परवडत नाही. चौघींनी वर्गणी काढून घेतलं तर?"

आपण बचत गटाच्या बाया. पिठाची गिरणी, शेवयांचं मशीन, कार्याची भांडी, सगळं आपण वाटून वापरतो. त्यामुळे हा हिशोब सुचणं साहजिक आहे. पण हे पेन वाटून घ्यायची वस्तू नाही. ते का, आणि जिला डॉक्टरांनी लिहून दिलंय तिनं घरी कसं टोचावं, ते आज सांगतो.

आधी औषध समजून घेऊ. नावं मुख्यतः दोन, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपेटाइड 'मौंजारो' या नावानं आपल्या देशात आलं, आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड 'वेगोवी' या नावानं आलं. जेवल्यावर आपल्या आतड्यात जे संप्रेरक तयार होतं, त्याच्यासारखं हे औषध काम करतं. पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो आणि भूक कमी लागते. मधुमेहातही ही औषधं देतात. टोचायची इन्सुलिनसारखीच, कातडीखाली, पण हे इन्सुलिन नव्हे आणि ते रोज घ्यायचं नसतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी घ्यायचं.

आता चौघींच्या हिशोबाकडे येऊ. पहिलं कारण रक्ताचं. टोचताना रक्ताचा अगदी बारीक अंश सुईतून मागे, पेनातल्या औषधात जाऊ शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही. सुई बदलली तरी आतलं औषध तेच राहतं. त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतात. बहीण असो, जाऊ असो, पेन एकीचंच.

दुसरं कारण मात्रेचं. हे औषध पायरी पायरीनं वाढवतात. सेमाग्लुटाइड बहुधा ०.२५ मिलिग्रॅमनं आणि टिर्झेपेटाइड २.५ मिलिग्रॅमनं सुरू होतं. चार आठवडे शरीराला सवय झाली की डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात. जिचा चौथा महिना चालू आहे तिचं पेन नवखीनं टोचून घेतलं, तर उलट्यांनी ती बेजार होईल. आणि एकेक डोस चौघींनी घेतला, तर पैसे जातील आणि गुण कुणालाच येणार नाही. शिवाय औषध थांबवलं की बहुतेकांचं वजन पुन्हा वाढू लागतं. म्हणून किती दिवस घ्यायचं आणि तेवढा खर्च झेपेल का, हे सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

तिसरं कारण, हे प्रत्येकीला चालत नाही. साधारणपणे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० च्या पुढे असेल, किंवा २७ च्या पुढे असून सोबत बीपी, साखर असा त्रास असेल, तर डॉक्टर याचा विचार करतात. दिवस गेलेले असतील किंवा मूल हवं असेल तर हे औषध नको. बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना तसं आधीच सांगा. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, तर तेही सांगा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. आणखी एक गोष्ट बायका संकोचानं बोलत नाहीत. टिर्झेपेटाइडमुळे पाळणा लांबवण्याच्या तोंडी गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो. सुरुवातीचे चार आठवडे, आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर पुढचे चार आठवडे, निरोध किंवा दुसरं साधन वापरा.

आता टोचायची रीत. पहिल्यांदा दवाखान्यात, नर्सताईंच्या समोर स्वतःच्या हातानं करून बघा. मग घरी असं करा.

साबणानं हात धुवा. पेनावरचं नाव, मात्रा आणि मुदत वाचा. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं. गढूळ असेल किंवा त्यात कण दिसले तर वापरू नका. दर वेळी नवी सुई लावा आणि पत्रकात सांगितल्याप्रमाणे टोकाला थेंब येतो का ते पाहा.

जागा म्हणजे पोट किंवा मांडीचा पुढचा भाग. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून टोचा. दर आठवड्याला जागा थोडी बदला. जखम, वण किंवा गाठ असेल तिथं नको. जागा पुसून वाळू द्या. सुई सरळ आत घाला, बटण पूर्ण दाबा, खिडकीत शून्य दिसलं तरी दाबूनच ठेवा आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. मग सुई सरळ बाहेर काढा. थेंबभर रक्त आलं तर कापूस दाबून धरा, चोळू नका.

चार डोस झाल्यावर काही पेनांत थोडं औषध उरलेलं दिसतं. तो पाचवा डोस नव्हे. एखादा आठवडा चुकला तर दोन डोस एकदम घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

काहींना पेनाऐवजी कुपी मिळते. तेव्हा सिरिंज नीट बघा. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन तऱ्हेच्या असतात, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची. अर्धा मिलिलिटर औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेवर येतं आणि १०० च्या सिरिंजमध्ये ५० च्या खुणेवर. सिरिंज बदलली आणि आकडा तोच धरला, तर मात्रा चुकलीच म्हणून समजा. कुठली सिरिंज आणि कुठली खूण, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या.

नवं पेन फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला टेकून नको. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी टाकूनच द्यायचं. लाइट गेली की फ्रीज सारखा उघडू नका. ३० अंशांच्या आत हे औषध काही आठवडे टिकतं, नेमके किती दिवस ते पत्रकात असतं. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. तेव्हा पत्र्याच्या घरात फळीवर किंवा गाडीच्या डिकीत ते ठेवू नका.

वापरलेली सुई लगेच काढा, पेनाला लावून ठेवू नका. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बाटली करा, तिच्यावर 'सुया' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. भरत आली की कुठं द्यायची ते उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. उकिरड्यावर टाकलेली सुई शेवटी कुणाच्या तरी पायात किंवा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात शिरते.

मळमळ, बद्धकोष्ठता, जुलाब हे त्रास सुरुवातीला होतात. थोडं थोडं खा, पाणी भरपूर प्या. भूक नाही म्हणून डाळ, कडधान्य, अंडी सोडू नका, नाहीतर चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते. पण पोटात जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, डोळे पिवळे दिसले, किंवा घाम येऊन हातपाय थरथरले, तर वाट पाहू नका. थरथर सुटली की आधी साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा.

हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. पार्लरमधून नको, मोबाईलवर मागवून नको, आणि ओळखीच्या बाईचं उरलेलं तर नकोच.

वर्गणी काढायचीच असेल तर गटासाठी एक चांगला वजनकाटा आणि मोजपट्टी घ्या. महिन्याच्या बैठकीत आशाताईंना बोलवा, बीपी आणि साखर तपासून घ्या. काटा चौघींत काय, चाळीस जणींत वापरता येतो. पेन मात्र जिच्या नावाची चिठ्ठी, तिचंच.