अंधारातील स्वयंवर

पावसाळा सरत आला, की सायंकाळी गवतातून आणि झुडपांतून रातकिड्यांची किरकिर ऐकू येऊ लागते. आपल्या कानांना ती एकसुरी, काहीशी कंटाळवाणी वाटते. परंतु ज्या मादीसाठी हा आवाज काढलेला असतो, तिला त्यातून मोलाची माहिती मिळते. गाणारा नर आपल्याच जातीचा आहे काय? तो कोणत्या दिशेला आहे? आणि त्याच्यापर्यंत जाण्याचे श्रम व धोका पत्करावा, इतका तो योग्य आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे तिला अंधारात, मुख्यतः ध्वनीच्या आधारे, मिळवावी लागतात. परजातीच्या नरामागे गेल्यास वेळ व शक्ती फुकट जाते. वाटेत पानाआड दबा धरून बसलेल्या कोळ्याच्या तावडीत सापडल्यास प्राणच जातो. म्हणून ही निवड तिच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असते.

रातकिड्यांमध्ये गातो तो नर, आणि तोही कंठाने नव्हे, तर पंखांनी. त्याच्या उजव्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस एका शिरेवर कानशीसारखे बारीक दाते असतात. डाव्या पंखाची कडा त्यांवर घासली, की पंख थरारतात आणि ध्वनी उमटतो. पंख मिटण्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर ध्वनीचा एक लहानसा तुकडा बाहेर पडतो. त्याला आपण ‘स्पंद’ म्हणू. जमिनीवर राहणाऱ्या अनेक रातकिड्यांत या स्वराची कंपनसंख्या दर सेकंदास सुमारे ५,००० असते. ऐकणाऱ्या मादीचे कान तिच्या डोक्यावर नसून पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या किंचित खाली असतात.

मादी नराकडे जाते ती ध्वनीमुळेच, हे प्रथम कसे सिद्ध झाले, ती हकिकत मनोरंजक आहे. व्हिएन्ना येथील योहान रेगेन या संशोधकाने १९१३ साली आपल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याने नराचे गाणे टेलिफोनवरून मादीपर्यंत पोहोचविले. नर दुसरीकडेच असल्यामुळे त्याचे दर्शन किंवा गंध तिला मिळणे शक्य नव्हते. तरीही मादी टेलिफोनच्या श्रवणयंत्राकडे चालत गेली. केवळ आवाज हेच बोलावणे पुरेसे आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

मग त्या आवाजातील नेमके काय मादी ओळखते? स्वराची कंपनसंख्या तर महत्त्वाची आहेच. परंतु त्याहून अधिक महत्त्व आहे ते स्पंदांच्या लयीला. प्रयोगशाळेत पुष्कळ अभ्यासल्या गेलेल्या ‘ग्रायलस बायमॅक्युलेटस’ या जातीत एका स्पंदाच्या आरंभापासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंत सुमारे ४० सहस्रांश सेकंद इतका काळ जातो. हे अंतर फार वाढविले किंवा फार कमी केले, तर मादी त्या आवाजाकडे वळत नाही.

इतक्या सूक्ष्म काळाचे मोजमाप एवढासा मेंदू कसा करतो, याचा उलगडा श्टेफान शोनाइख, कोन्स्टान्टिनोस कोस्ताराकोस आणि बेर्टोल्ड हेडविग यांनी २०१५ साली केला. या कामी अवघ्या पाच मज्जापेशींचे जाळे पुरे पडते. ऐकलेल्या स्पंदाची वार्ता दोन वाटांनी पुढे जाते. एक वाट सरळ असते; दुसऱ्या वाटेने वार्ता काहीशा विलंबाने पोहोचते. पहिल्या स्पंदाची विलंबाने येणारी वार्ता आणि दुसऱ्या स्पंदाची सरळ येणारी वार्ता एकाच क्षणी एका मज्जापेशीवर येऊन मिळाल्या, तरच ती पेशी जोराने उद्दीपित होते. स्पंदांतील अंतर या विलंबाशी जुळले नाही, तर दोन्ही वार्तांची गाठ पडत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन पायांवरील कान देतात. ज्या बाजूस ध्वनी अधिक जोरकस लागतो, त्या बाजूस मादी वळते.

येथे एक अडचण संभवते. कीटकांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या हवेप्रमाणे बदलते. थंडी वाढली, की पंखांची हालचाल मंदावते आणि गाण्याची लयही संथ होते. मग मादीचा गोंधळ उडत नाही काय? टी. जे. वॉकर यांनी १९५७ साली झाडांवर राहणाऱ्या रातकिड्यांचा अभ्यास करून याचे उत्तर दिले. तापमानानुसार मादीची आवडही बदलते. ती स्वतः ज्या तापमानात असेल, त्या तापमानातील नराच्या लयीलाच ती प्रतिसाद देते.

आता तिसरा प्रश्न. स्वजातीचे अनेक नर एकाच वेळी गात असता कोणाची निवड करावी? पुष्कळ जातींत मादीचा ओढा मोठ्या आवाजाकडे असतो. तथापि, मोठ्याने गाण्याची किंमतही मोठी असते. विल्यम केड यांनी १९७५ साली दाखवून दिले, की अमेरिकेतील एक परोपजीवी माशी हेच गाणे ऐकून नराला शोधून काढते व त्याच्यावर आपल्या अळ्या सोडते. अळ्या त्याच्या शरीरात शिरून त्याला आतून खातात. हीच माशी हवाई बेटांवरही पोहोचली. तेथील काउआई बेटावर दाते असलेल्या शिरेचा ऱ्हास झालेले, मुके नर झपाट्याने वाढले, असे मार्लीन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. हे मुके नर उरल्यासुरल्या गायकांच्या जवळपास वावरतात आणि गाण्याच्या ओढीने आलेल्या माद्यांना वाटेतच गाठतात.

ज्याचा आवाज मुळातच लहान, त्याने काय करावे? दक्षिण भारतात झुडपांवर राहणाऱ्या ‘ईकँथस हेन्राय’ या नाजूक, हिरवट रातकिड्याने यावर एक तोडगा काढला आहे. पंख थरारताना त्याच्या पुढच्या व मागच्या बाजूंस निर्माण होणाऱ्या ध्वनिलहरी कडेपाशी एकमेकींना मिळून काही अंशी नाहीशा होतात. हे टाळण्यासाठी काही नर पानाला पंखांच्या बेताचे छिद्र पाडतात आणि त्यात शरीर अडकवून, पंख पानाच्या सपाटीला लावून गातात. पान आड आल्यामुळे लहरी एकमेकींना पुसू शकत नाहीत व आवाज मोठा होतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रोहिणी बालकृष्णन व त्यांचे सहकारी यांनी या कीटकाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांच्या २०२० सालच्या निबंधानुसार, ही युक्ती योजणारे नर मुख्यतः आकाराने लहान किंवा आवाजाने दुबळे असतात. पानाच्या साह्याने त्यांचे गाणे अधिक दूरवर पोहोचते, माद्या अधिक आकृष्ट होतात, आणि संयोगाचा काळही वाढतो. म्हणजे आवाजावरून नराचे मोल ठरविणारी मादी येथे चकते.

‘निवड’ हा शब्द येथे मानवी विचारविनिमयाच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. मादीजवळ आहेत ती दोन-तीन साधी मापे: स्पंदांतील अंतर, ध्वनीची दिशा आणि त्याचा जोर. ही मापे बहुधा उपयोगी पडतात, म्हणूनच ती टिकून राहिली. आणि ती साधी आहेत, म्हणूनच एखाद्या लहानशा नराला त्यांतून वाट काढता येते. असंख्य पिढ्यांतील माद्यांनी ज्या गाण्यांना प्रतिसाद दिला, तीच गाणी पुढे चालू राहिली. आपल्याला ऐकू येणाऱ्या किरकिरीची लय अशा रीतीने ऐकणाऱ्या मादीने घडविली आहे.