दाबली मूठ : एका जर्मन पिस्तुलाची तीन दशकं

1972 च्या सप्टेंबरात म्युनिक ऑलिम्पिकमध्ये 11 इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले, आणि पश्चिम जर्मनीच्या पोलिसांची तयारी किती तोकडी आहे हे जगाला दिसलं. कमरेची 7.65 मिलिमीटरची पिस्तुलं बदलून 9 मिलिमीटरची घ्यायचं ठरलं. अट अवघड होती. पिस्तूल हाती येताच झाडता आलं पाहिजे, सुरक्षेचा खटका शोधत बसायला नको. आणि हातातून पडलं तर मात्र गोळी सुटता कामा नये.

वॉल्टर आणि सिग-सावर या कंपन्यांनी चापाची पहिली ओढ लांब आणि जड ठेवून वेळ निभावली. हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीने मात्र सगळा भार मुठीवर टाकला. त्यांच्या पी-7 च्या मुठीचा पुढचा भागच तरफ आहे. तो आवळला की आतला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, ताणला जातो, सोडला की पिस्तूल पुन्हा निरुपद्रवी. आवळायला सुमारे 7 किलोचा जोर लागतो, धरून ठेवायला त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. माझ्या मते विसाव्या शतकातल्या पिस्तुलांत सुरक्षेचा इतका सोपा विचार दुसरा नाही. डावखुऱ्यालाही काही वेगळं लागत नाही.

दुसरी करामत नळीखाली. गोळी नळीत असतानाच थोडा वायू बारीक छिद्रातून खालच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि स्लाइडला (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला) जोडलेला दट्ट्या पुढे रेटून धरतो. दाब उतरला की मगच स्लाइड मागे येते. त्यामुळे नळी जागची हलत नाही, नेम पक्का बसतो, आणि नळी हाताच्या अगदी जवळ असल्याने उसळीही कमी.

पण तोच वायू अंगाशीही आला. सिलिंडर चापाच्या वरच बसलेला. भराभर गोळ्या झाडल्या की बोटाला चटके. पुढे पी-7 एम-8 या आवृत्तीत उष्णतारोधक कवच घालावं लागलं. सिलिंडर खरवडून साफ करणं हे वेगळंच काम. आणि नवशिके मूठ गरजेपेक्षा जास्त आवळत, मग नेम हलायचा. जुनी सवय मोडून नवी लावणं पोलीस खात्यात सोपं नसतं, कुठल्याही देशात.

तरी जर्मनीच्या जीएसजी-9 या दहशतवादविरोधी तुकडीने ते घेतलं, बव्हेरियाच्या पोलिसांनी घेतलं, अमेरिकेत न्यू जर्सीच्या राज्य पोलिसांनीही. 1988 च्या ‘डाय हार्ड’ चित्रपटातल्या खलनायकाच्या हातातही तेच.

हरलं ते किमतीपुढे. पोलाद कातून केलेलं हे महागडं काम, आणि 1980 च्या दशकात ऑस्ट्रियातून आलं ग्लॉकचं प्लास्टिक मुठीचं, स्वस्त आणि शिकायला सोपं पिस्तूल. 1993 मध्ये खुद्द हेक्लर अँड कॉखने यूएसपी हे पिस्तूल काढलं, ते नेहमीच्या हलत्या नळीचं आणि खटक्याचं. पी-7 चं उत्पादन 2008 मध्ये थांबलं. वायूची युक्ती 2014 मध्ये वॉल्टरच्या सीसीपी पिस्तुलात परत दिसली; आवळायची मूठ मात्र त्यांनीही घेतली नाही.