ड्रायव्हरचा पगार आणि झोपेचा हिशेब

“साहेब, सही तेवढी पाहिजे होती.”

ओपीडीत हे वाक्य मला नवे नाही. परवा ते म्हणणारा मुलगा धर्मापुरीचा होता. वय २१. छोट्या गाडीचे लायसन काढून वर्ष उलटलेले, सध्या एका ट्रकवर क्लीनर आणि उस्तादाच्या हाताखाली शिकाऊ. सोबत वडील होते. त्यांचे अर्धे आयुष्य ऊसतोडीला जाण्यात गेलेले. पोराच्या हातात कोयत्याऐवजी स्टेअरिंग यावे, एवढीच त्यांची इच्छा.

ट्रक चालवण्याच्या लायसनसाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, तो फॉर्म ‘१-ए’. पुष्कळांना ती नुसती सही वाटते. प्रत्यक्षात त्यात विचारलेले असते, की लाल आणि हिरवा रंग नीट ओळखता येतो का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, ऐकू नीट येते का, रातांधळेपणा आहे का, हातापायात काही व्यंग आहे का. मी सगळे तपासले. मुलगा ठणठणीत होता. सही केली.

कागद घेऊन वडील बाहेर गेले. मुलगा मात्र दारात थांबला. म्हणाला, “डॉक्टर साहेब, एक विचारू का? पहाटं तीन-चारला उस्तादांना डुलकी लागते. मी शेजारी बसून नुसता रस्त्याकडं बघतो. भ्या वाटतं. मी ह्या कामाचा नाही का?”

त्या फॉर्मात झोपेबद्दल एकही प्रश्न नाही. म्हणून हा लेख.

आधी पगाराबद्दल बोलू, कारण झोपेचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. उस्तादाने मुलाला सांगितले होते, की महिन्याला तीस हजार कुठे गेले नाहीत. मालक म्हणाला होता, सुरुवातीला अठरा. माझ्याकडे येणाऱ्या नव्या ड्रायव्हरांकडून जे ऐकतो, ते मालकाच्या आकड्याच्या जवळ जाते. तीस हजार मिळतातही, पण खेपा वाढवून, भत्ता वाचवून आणि रात्री जागून.

आता सोपा हिशेब करू. १८,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस. रोज ८ तास काम असेल तर तासाला साधारण ८६ रुपये पडतात. पण गाडी भरण्याची वाट पाहणे, चालवणे आणि खाली होण्याची वाट पाहणे धरून दिवस १४ तासांचा झाला, तर तेच काम तासाला ४९ रुपयांवर येते. शिवाय उसाच्या वाहतुकीवरची गाडी असेल तर हंगाम काही महिन्यांचाच. परळीच्या वीज केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्यांवर फेरीचा हिशेब असेल, तर गाडी उभी राहिली त्या दिवशी हातात काय पडते, हेही आधीच विचारायला हवे.

आणि आपल्या भागातला जुना शब्द, उचल. ऊसतोडीत उचल घेतलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे बीड जिल्ह्याला सांगायला नको. ड्रायव्हरचेही तेच होते. मालकाकडून आगाऊ पैसे घेतलेला पोरगा रात्री अकराला फोन आल्यावर ‘मला झोप येतेय’ असे म्हणू शकत नाही. डॉक्टर म्हणून मला उचलीची काळजी वाटते ती एवढ्याचसाठी.

आता शरीराकडे येऊ. माणूस सलग १७ तास जागा राहिला, की त्याचे लक्ष आणि हाताचा वेग इतका उतरतो, जणू त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू आहे. हे प्रयोगांत मोजलेले आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवण्यासाठी दारूची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला ड्रायव्हर रात्री अकरानंतर एक थेंबही न पिता त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. फरक इतकाच, की पोलिसांच्या नळीत फुंकून तो सापडत नाही.

त्यात आपल्या मेंदूला स्वतःचे घड्याळ असते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर त्याची झोपेची ओढ सर्वांत जास्त. अशा वेळी डोळे उघडे असूनही मेंदू काही सेकंद बंद पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक चार सेकंदांत सुमारे ६७ मीटर जातो. एवढे अंतर तो कोणीही चालवत नसतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली किती झोपेने गेली हे पंचनाम्यात क्वचितच लिहिले जाते. ‘वाहनावरील ताबा सुटला’ एवढेच लिहिले जाते.

तंबाखू, गुटखा, मोठ्याने गाणी, खिडकीचा वारा यांनी झोप जात नाही, थोडा वेळ झाकली जाते. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी तर गुंगी वाढते. त्या घेताना आपण ड्रायव्हर आहोत हे डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला सांगा. उपाय एकच, गाडी सुरक्षित जागी लावून झोपणे. कपभर चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच १५-२० मिनिटे पडा. चहाचा असर सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर तोंड धुवा, दहा मिनिटे पायी फिरा आणि मगच चावी फिरवा. पण ही तात्पुरती डागडुजी आहे. चोवीस तासांत सात तासांच्या झोपेला पर्याय नाही.

जो उस्ताद रात्री मोठ्याने घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याची गोष्ट वेगळी. तो आळशी नाही. बहुधा त्याला झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे. मान जाड, वजन जास्त, बीपी वाढलेले, अशा माणसाने तपासणी करून घ्यावी. त्यावर उपचार आहेत.

कायद्यालाही हे कळते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली. पण तो होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायासाठी. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून सुटला आणि गावाकडचा पोरगा बहुतेक वेळा कामाला लागतो तो अशाच मालकाकडे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे चांगलेच. पण नव्या पोराच्या वाट्याला येते ती जुनी गाडी, आणि मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेत तापलेली केबिन. तिथे पाणी कमी पिऊन लघवी दाबून ठेवणारे ड्रायव्हर पुढे मुतखडा घेऊन आमच्याकडे येतात.

म्हणून कामावर जाण्याआधी मालकाला काही गोष्टी सरळ विचारा. पगार महिन्याचा की खेपेवर? भत्ता वेगळा की त्यातच? लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर असतो का? मालाची तूट, पंक्चर आणि चलन कोणाच्या खिशातून? गाडीचा विमा चालू आहे का? पगारी ड्रायव्हरला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी त्या विम्यात येते, म्हणून त्याची झेरॉक्स मागण्यात लाजू नका. या प्रश्नांवर चिडणारा मालक रात्री तीन वाजता ‘गाडी लावून झोप’ म्हणणार नाही.

मी त्या मुलाला म्हणालो, “बाबा, भीती वाटते म्हणून तू कामाचा नाहीस असं नाही. भीती वाटायची थांबली की मात्र माझ्याकडे ये.” मग विचारले, उस्तादांना डुलकी येते तेव्हा तू काय करतोस? म्हणाला, “काय बोलणार साहेब, ते मोठे आहेत.” मी म्हणालो, “त्यांना म्हण, काका, मला लघवीला लागलीय, गाडी घ्या बाजूला. उतरल्यावर चहा सांग आणि म्हण, वीस मिनिटं पडा, मी जागा आहे.”

तो हसला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “साहेब, हे मला जमंल.”

बाहेर वडील वाट पाहत होते. त्यांनी विचारले, “पोरगं फिट हाय ना?” फिट आहे, मी म्हणालो. पण घरी आल्यावर किती कमावलंस हे विचारण्याआधी किती झोपलास, हे विचारत जा.