घरचा फोन, सिलिंडरची डुबकी आणि विमानाचं तिकीट



आपण पैनगंगेकाठची माणसं. जाळं खाली अडकलं की एक दम भरायचा, बुडी मारायची, सोडवून वर यायचं. भीमपूरच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळंच एखादं पोरगं म्हणतं, "मालवणला नाहीतर गोव्याला स्कूबाच्या बोटीवर कामाला जातो." जावं, चार पैसे कमवावे. पण त्याआधी एक गोष्ट त्यानं आणि त्याहून जास्त घरच्यांनी समजून घ्यावी. सिलिंडर लावून बुडी मारल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण तिकडून यायचं म्हणजे रेल्वे नाहीतर बस. आता मालवणजवळ चिपीचं विमानतळ आहे, 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालं. गोव्यात दाभोळी होतंच, 2023 पासून मोपाही चालू आहे. सकाळी पाण्यात असलेला माणूस दुपारी आभाळात जाऊ शकतो. धोका तिथंच आहे.

आपली एका दमाची बुडी वेगळी आणि सिलिंडरची वेगळी. आपण वरून छातीत घेतलेली तेवढीच हवा घेऊन जातो आणि मिनिटभरात वर येतो. सिलिंडरवाला खाली राहून श्वास घेत राहतो. समुद्रात 10 मीटर खाली दाब काठावरच्या दुप्पट असतो, आणि त्याच दाबाची हवा तो ओढतो. त्या हवेतला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, पण त्याला काही तास लागतात.

गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी घट्ट आहे तोवर पाणी शांत. गोटी दाबली, दाब सुटला, की बुडबुडेच बुडबुडे. विमान वर गेलं की आजूबाजूचा दाब कमी होतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे असेच बुडबुडे होऊ शकतात. ते सांध्यात अडकले तर ठणका लागतो, मणक्यात किंवा मेंदूत अडकले तर हातपाय लुळे पडू शकतात.

मोठ्या प्रवासी विमानात आतला दाब यंत्रानं राखतात. तरी तो जमिनीएवढा नसतो. साधारण 2400 मीटर उंच डोंगरावर बसल्यासारखा, म्हणजे समुद्रकाठच्या तीन चतुर्थांश, इतका तो उतरू शकतो. चिपीला येणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानातही दाब राखलेला असतो. पण चार-सहा माणसांची बरीच लहान विमानं आणि हेलिकॉप्टर यांत ती सोय नसते. ती जितकी वर जातील तितकाच दाब आतही उतरतो. "छोटं विमान आहे, थोडंच वर जातं" हा हिशेब इथं चालत नाही.

मग थांबायचं किती? डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही पाणबुड्यांच्या सुरक्षेचं काम करणारी संस्था सांगते:

– एकच साधी बुडी मारली असेल तर किमान 12 तास.
– दिवसात जास्त बुड्या, किंवा रोज बुड्या चालू असतील तर किमान 18 तास.
– वर येताना मध्ये थांबे घ्यावे लागतील इतकी खोल किंवा लांब बुडी असेल तर 18 तासांपेक्षा बरंच जास्त. पूर्ण 24 तास तरी धराच.

आता नीट बघा. पर्यटक एकदा पाण्यात उतरतो आणि फोटो काढून निघतो. त्याला धरून खाली नेणारं आपलं पोरगं दिवसातून कितीदा तरी उतरतं, आणि रोज उतरतं. म्हणून पर्यटकापेक्षा त्यालाच जास्त थांबावं लागतं. "साहेब तर संध्याकाळी विमानानं गेले, मला काय होतंय?" असं त्यानं म्हणू नये.

घाटाचंही तेच. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. बुडी झाल्या झाल्या गाडीत बसून घाट चढणं म्हणजे विमानाचाच लहान भाऊ. रात्र खालीच काढून सकाळी निघावं.

खरी अडचण घरच्या फोनानं होते. "बापाला दवाखान्यात नेलंय, असशील तसा निघ." पोरगं मागचा-पुढचा विचार न करता मिळेल त्या विमानात बसतं. म्हणून घरच्यांनो, असा फोन करायची वेळ आली तर आधी एवढंच विचारा: "शेवटचा पाण्यातून वर कधी आलास?" आणि तिथून तास मोजा. निघायचं आधीच ठरलेलं असेल तर आदल्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही, हे पोरानं मालकाला अगोदर सांगून ठेवावं. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण पोरगं धडधाकट घरी येईल.

घरी आल्यावर खांदा, कोपर, गुडघा ठणकतोय, मुंग्या येतात, अंगाला खाज सुटते, चक्कर येते, पायात जोर नाही, लघवी अडते, असं काही झालं तर "कामाचा शीण असेल" म्हणून तेल चोळत बसू नका. 108 ला फोन करा, माणसाला आडवं झोपवा, ऑक्सिजन मागा. डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा: "यानं सिलिंडर लावून बुडी मारली होती", आणि कधी, किती वेळा, किती खोल तेही सांगा. आपल्या भागात हा आजार रोजचा नाही, तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरच्या ध्यानात येईलच असं नाही. याचा खरा इलाज म्हणजे बंद खोलीत पुन्हा दाबाखाली ठेवून ऑक्सिजन देणं. ती सोय मोठ्या शहरातच असते, म्हणून उशीर परवडत नाही.

ज्यांची पोरं समुद्राकडं कामाला आहेत त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि "12, 18, 24" हे तीन आकडे घरात फोन ठेवता त्या भिंतीवर लिहून ठेवा.