खांब चढणारी ती रील खरी की ‘फास्ट’ केलेली? फ्रेम मोजून बघा

माझी भाची इथे कोल्हापुरातच दोरीचा मल्लखांब शिकते. मागच्या महिन्यात तिने मला एक रील दाखवली. पायात काटेरी बूट घातलेला एक माणूस उंच लाकडी खांबावर सरसर चढतो, वर हात मारतो आणि जवळजवळ पडतच खाली येतो. वर लिहिलेलं, ९० फूट, १३ सेकंद. “मामा, बघ की! आमच्या दोरीवरून मी पण अशी येऊ शकते.”

दोन दिवसांनी ती दोन्ही तळहात सोलून घरी आली. सर नसताना दोरीवरून घसरत उतरली होती.

ती रील मी लॅपटॉपवर घेतली आणि व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडली. त्यात ‘ई’ दाबलं की व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे जातो. आता खरा वेग कसा शोधायचा? व्हिडिओत घड्याळ नसतं, पण गुरुत्वाकर्षण असतं, आणि ते कुठल्याही एडिटिंग ॲपला जुमानत नाही. हवेत सोडलेली छोटी, जड वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, मग ती कोल्हापुरात पडो की अमेरिकेत.

चढताना बुटाच्या काट्यांनी लाकडाच्या ढलप्या उडत होत्या. त्यातली एक चांगली जाड ढलपी मी पकडली. ती वर उडून क्षणभर थांबते आणि खाली यायला लागते, तिथून मोजायला सुरुवात. (मधूनच मोजलं तर चुकेल, कारण तिला आधीच वेग असतो.) मोजपट्टी म्हणून तो माणूसच घेतला, उंची अंदाजे पावणेदोन मीटर. एवढं अंतर पडायला ०.६ सेकंद लागतो, म्हणजे ३० एफपीएसच्या व्हिडिओत १८ फ्रेम. माझ्या मोजणीत आल्या १२.

१८ भागिले १२, म्हणजे दीडपट. रील दीडपट फास्ट केलेली होती, आणि १३ सेकंद म्हणजे खरे साधारण १९.५.

इथे एक कबुली. मोजताना एखादी फ्रेम इकडेतिकडे होते, त्यामुळे माझं उत्तर १८ ते २१ सेकंद असं काहीतरी धरा. अंधारात शूट केलेल्या व्हिडिओत फोन स्वतःच फ्रेमरेट कमी करतो, स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तर तो कसाही बदलतो. कॅमेरा झूम होत असेल किंवा मध्ये कट असेल तर ही पद्धत सोडूनच द्या. फेक पकडायला ती पुरेशी आहे, विजेता ठरवायला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पीड क्लाइंबिंगची फायनल १५ मीटरच्या भिंतीवर ४.७५ विरुद्ध ४.७७ सेकंदांनी सुटली. ३० एफपीएसच्या दोन फ्रेममधलं अंतरच ०.०३३ सेकंद असतं, म्हणजे तुमच्या फोनला ते दोघे बरोबरीत दिसले असते. म्हणून तिथे वर टच पॅड असतो.

आता त्या खांबवाल्यांबद्दल. हा लाकूडतोड्यांचा खेळ. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डला १९६० पासून त्यांची जागतिक स्पर्धा भरते, ६० आणि ९० फुटांचे खांब असतात. गिनीजमध्ये १०० फूट वर-खाली करण्याची एक नोंद २४.८२ सेकंदांची आहे, १९८८ ची, गाय जर्मन नावाच्या खेळाडूची. त्यापुढे ९० फुटांना १३ सेकंद ठेवून बघा. फ्रेम मोजायच्या आधी एवढंच शोधलं असतं तरी मला शंका आली असती, पण इंजिनिअरला आधी मोजायचंच असतं!

तरी उतरताना हे लोक खरंच जवळजवळ पडतात. मग त्यांचे हात का सोलत नाहीत? कारण ते कातडीवर घसरत नाहीत. कमरेपासून खांबाभोवती स्टीलचा गाभा असलेला दोर असतो. ते थोडं मोकळं पडतात, बुटाचे काटे लाकडात रोवून ब्रेक मारतात, पुन्हा पडतात. खाली जाड गादी असते.

दोरीवर हाताने घसरणाऱ्या मुलीचा ब्रेक म्हणजे तिचा तळहात. ४० किलो वजन, ४ मीटर उंची, म्हणजे सुमारे १५७० ज्यूल ऊर्जा. एक मोठा चमचाभर पाणी २५ अंशांनी तापवायला जेवढी लागते तेवढी. ती बरीचशी दोरी आणि कातडीच्या मधे, दोनेक सेकंदांत उष्णता होऊन बाहेर पडते.

मल्लखांबाची तर दिशाच उलटी. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी तो पुन्हा रुजवला, पैलवानांच्या व्यायामासाठी. पुरलेल्या लाकडी खांबाला एरंडेल तेल लावतात, जेणेकरून कातडी घासणार नाही. पण त्यामुळे पकड निसटते, म्हणून अढी शिकावी लागते, म्हणजे पायांनी खांब आवळणं. दोरीला तेल नसतं. तिथे अढी सोडून नुसत्या हातांवर आलं की काय होतं ते आमच्या घरात दिसलं. शिवाय मल्लखांबात गुण मिळतात ते पकडीला आणि सफाईला, सेकंदांना नाही.

हात बरे झाल्यावर भाचीने सरांसमोर अढी घालून, एक हात खाली एक हात वर असं उतरून दाखवलं. मी २४० एफपीएसवर शूट केलं. ११ सेकंद लागले. तिने लगेच विचारलं, “मामा, हे दीडपट केलं तर किती होतील?”