जेवणाच्या बिलातील खंड

व्हेनिसच्या सान मार्को चौकानजीकच्या एखाद्या खानदानी भोजनगृहात रात्रीचे जेवण आटोपल्यावर पुढ्यात येणारे बिल हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने सवडीने वाचावा असा दस्तऐवज असतो. पदार्थांच्या किमती डोळे विस्फारणाऱ्या असतातच. परंतु 'कोपेर्तो' नावाची एक रक्कमही माणशी लावलेली आढळते. ती पावाची, टेबलावरील शुभ्र कापडाची, काट्याचमच्यांची. थोडक्यात, नुसते बसल्याची. चौकातील १७२० साली स्थापन झालेल्या 'फ्लोरियन' कॉफीगृहाबाहेर वाद्यवृंद वाजू लागला की संगीताचाही आकार निराळा पडतो. इटलीत हीच कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर एरवी बरीच स्वस्त पडते. कॉफी तीच, किंमत खुर्चीची!

मराठी प्रवाशाला ही उघड लूट वाटते. म्हणूनच की काय, पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या कित्येक युरोप सहलींत भारतीय जेवणाची हमी हेच मोठे आकर्षण असते. व्हेनिस पाहून येणारे अनेकजण व्हेनिसचे अन्न न चाखताच परततात, हा भाग वेगळा.

जागेचे भाडे जबर म्हणून जेवण महाग, असा खुलासा हॉटेलमालक हमखास करतात. सकृद्दर्शनी तो पटतोही. परंतु डेव्हिड रिकार्डोने १८१७ सालीच शेतीच्या खंडाविषयी नेमकी उलट मांडणी केली होती: खंड चढा म्हणून धान्य महाग नसते, धान्य महाग म्हणून खंड चढतो. सान मार्कोलगतच्या टेबलासाठी वाटेल ते मोजणारे प्रवासी आहेत, म्हणूनच तेथील घरमालकाला वाटेल ते भाडे मागता येते. गिऱ्हाइकाच्या खिशातून निघालेला पैसा आचाऱ्यापाशी थोडा रेंगाळतो आणि पुष्कळसा जमिनीच्या मालकाकडे जातो.

मात्र महाग जेवण आणि फसवणूक या दोन गोष्टी एक नव्हेत. चौकापासून हाकेच्या अंतरावरील 'हॅरीज बार' जुझेप्पे सिप्रियानी यांनी १९३१ साली उघडला. कधीकाळी दहा हजार लिरा उसने नेलेल्या हॅरी पिकरिंग या अमेरिकन तरुणाने कितीतरी अधिक रक्कम परत केली आणि त्यातून हे भांडवल उभे राहिले, असे ते कुटुंब सांगत आले आहे. जागा निवडली ती पुढे वाट नसलेल्या गल्लीच्या टोकाची. सहज जाता जाता डोकावणारा नको, ठरवून येणारा हवा, हा त्यामागचा हिशेब. कच्च्या मांसाच्या पातळ कापांचा 'कार्पाच्चो' येथलाच. दर तेव्हाही चढे होते, आजही आहेत. पण गिऱ्हाईक पुन्हा यावे हीच तेथील शिस्त.

जेथे गिऱ्हाईक पुन्हा येणारच नसते, तेथे ही शिस्त सुटते. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अकेरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. भाषा न कळणारा, पहाटेच्या गाडीने जाणारा प्रवासी हे त्याचेच दुसरे उदाहरण. २०१८ साली चार जपानी विद्यार्थ्यांना मांसाचे चार तुकडे आणि तळलेले मासे यांपोटी अकराशे युरोंहून अधिक बिल भरावे लागले. प्रकरण जगभर गाजले, दंडही झाला. परंतु अशी किती बिले मुकाट्याने भरली जात असतील!

व्हेनिसकराची तऱ्हा अर्थातच निराळी. तो 'बाकारो' म्हणवणाऱ्या गल्लीतल्या छोट्या गुत्त्यात उभ्याउभ्या मद्याचा पेला आणि 'चिकेत्ती'चे चार घास घेतो. अडचण इतकीच, की व्हेनिसकरच उरलेला नाही. ऐतिहासिक बेटांवर १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. २०२२ साली हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. प्रवाशाला जे भाडे परवडते ते शिक्षकाला, कारकुनाला परवडत नाही. एप्रिल २०२४ मध्ये नगरपालिकेने गर्दीच्या दिवशी येऊन-जाऊन करणाऱ्यांवर पाच युरोंचे प्रवेशशुल्क बसवले. चौकातल्या एका जेवणाच्या मानाने पाच युरो म्हणजे काहीच नव्हे. त्यासाठी घरी परतणारा प्रवासी विरळाच.

आणि त्या शुभ्र टेबलांमागची माणसे? मुदपाकखान्यात भांडी घासणारे, भाज्या चिरणारे बरेचजण आता बांगलादेशचे असतात. चौकातले संगीत थांबते, खुर्च्या आत जातात आणि ते पूल ओलांडून मुख्य भूमीवरील मेस्त्रेकडे निघतात. व्हेनिसमध्ये खोली घेणे त्यांच्या पगारात बसत नाही.